दुष्काळात भरलेलं तोंड

त्या दुष्काळात आमच्या गावात एकच तोंड भरलं, ते माझं. बाकीच्यांची गालफडं बसली, गुरांच्या बरगड्या वर आल्या, कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करू लागली, आणि मी मात्र दिवसेंदिवस टम्म होत चालले. येणारा-जाणारा म्हणायचा, "बाई, तुमाला दुष्काळ मानवला बरं का." मी हसायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंसुद्धा. साठी उलटलेल्या विधवेच्या तोंडाकडं कुणी एरवी पाहत नाही.

आमचं गाव शिरूर कासारच्या बाजूला. वर्णन करावं असं त्यात काही नाही. माळ आहे आणि माळावर घरं आहेत. दिवाळी झाली की गाव उठतं. ट्रॅक्टर येऊन उभे राहतात, त्यांत कोयते, गोधड्या, तवे, शेरडं आणि पोरं भरली जातात, आणि गाव साखर कारखान्यांकडं निघून जातं. कुणी सांगलीकडं, कुणी पार कर्नाटकात. ते परततं पाडव्याच्या आसपास. मधल्या काळात मागं राहतात म्हातारी माणसं, कुलपं आणि कुलपांची राखण करणारी कुत्री.

नवी नवरी असताना मीही ऊसतोडीला गेलेली आहे. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहून वाहून गुडघे फडातच ठेवून आले. पुढं शिकलेली म्हणून अंगणवाडीत लागले, तेव्हा जे काही उरले होते त्यांवर नोकरी काढली. सगळं गाव मला अजून बाईच म्हणतं. मालक जाऊन बरीच वर्षं झालीत. मुलगा, सून आणि नातवंडं तोडीला गेली की घरात मी आणि एक जर्सी गाय.

गाय ठेवली होती ती दुधासाठी, असं मी लोकांना सांगायचे. खरं कारण दूध सोसायटी. डांबरी रस्त्याला लागून पत्र्याची एक खोली, आत दुधाचं माप आणि फॅट काढायचं मशिन, बाहेर दगडी ओटा. सकाळ-संध्याकाळ ज्यांच्या घरी जनावर आहे तो तिथं कॅन घेऊन येणारच. ज्याच्या घरी जनावर नाही त्याला तिथं बसायला काही बंदी नव्हती, पण उगाच जाऊन बसायला मला कारण लागतं. असा माझा स्वभाव आहे.

त्या ओट्यावर आक्का भेटायची. आक्का धनगराच्या घरची. तिची पोरं मेंढरं घेऊन घाटाकडं उतरायची ती पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायची. मागं ही, एक म्हैस आणि चार शेरडं. तिची वस्ती सोसायटीच्या त्या अंगाला, माझं घर या अंगाला, मधे ओटा. दूध घालून झालं की ती ओट्यावर बसून मिश्री लावायची आणि मी तिला मिश्रीचे तोटे सांगायचे. अंगणवाडीची सवय. ती म्हणायची, "बोल बोल, तुझं बोलणं झालं की दात बी पडतेत आपुआप." दुधाची गाडी यायची, जायची, ओट्यावर ऊन चढायचं आणि मग आम्ही उठायचो. काय बोलायचो विचाराल तर एकही गोष्ट सांगता येणार नाही. पण तेवढ्या बोलण्यावर दिवस निघायचा. ओटा सुटला असता तर हिवाळा-उन्हाळा माझं तोंड फक्त जेवायला आणि चहाला उघडलं असतं. यात मी काही पदरचं घालत नाही.

आणि त्या वर्षी ओटा सुटायची वेळ आली. थंडी सुरू झाली तशी एका सकाळी गुडघे उठूच देईनात. भिंतीला धरून उभी राहिले, गाय कशीबशी पिळली, पण कॅन घेऊन सोसायटीचा चढ चढणं होईना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी झीज झालीय म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितला. गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची म्हणून मीच त्या बंद केल्या. सोसायटीच्या सचिवानं भला विचार करून सांगितलं, "बाई, तुमी यिऊ नका. वाटेवरचे तुमचं दूध आणतेल." झालं. दूध जाऊ लागलं आणि मी घरी राहिले.

दूध जाणं आणि आपण जाणं यात किती फरक आहे ते मला तेव्हा कळलं. घरात बसून दुधाच्या गाडीचा हॉर्न ऐकायचा. गल्लीत दोन्ही बाजूंना कुलपं. आक्का येऊन गेली एक-दोनदा, पण शेरडं सोडून किती वेळ बसणार? मी गाईशी बोलायचे. गाय चांगली होती, पण ती सगळ्याला मान हलवायची, अगदी वेड्यासारखं बोललं तरी. एकदा नुसतं कुणाशी तरी बोलावं म्हणून मी पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडण काढलं. भांडण चांगलं झालं. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

अशात गावातला एक ड्रायव्हर कुणाच्या तरी दहाव्याला कारखान्यावरून आला, आणि सुनेनं त्याच्या हाती माझ्यासाठी एक डबी पाठवली. पाठोपाठ तिचा फोन. "आत्या, सकाळ-संध्याकाळ चमचाभर पूड कोमट पाण्यात घ्या. फडातल्या समद्या बाया खातेत. माझी कंबर धरली होती, दोन दिसांत मोकळी झाली. झाडपाल्याचं हाय, त्यानं काय होत न्हाई."

पांढरी प्लॅस्टिकची डबी, हिरवं झाकण. डबीवर एक पान आणि पानाखाली दाढीवाले ऋषी. 'संपूर्ण वनस्पतिजन्य, कोणतेही दुष्परिणाम नाहीत' असं ठळक लिहिलेलं. बनवणाऱ्याचा पत्ता मात्र कुठं नव्हता, आत काय काय आहे तेही नव्हतं, तारीखही नव्हती. पोरांच्या खाऊच्या पाकिटावरची तारीख बघून घ्या म्हणून मी गावातल्या बायांना किती वर्षं शिकवत आले होते. मला ते सगळं दिसलं, आणि मी डबी उघडली. सुनेनं इतक्या लांबून, स्वतःच्या कंबरेवर पारख करून पाठवलेली वस्तू. तिच्यावर संशय घ्यायला मला कारण नव्हतं आणि इच्छाही नव्हती.

पूड कडू होती. कडू आहे म्हणजे गुणकारी आहे, असं आपल्याकडं धरूनच चालतात. आणि गुण आलाच. आठवडा उलटायच्या आत मी भिंत सोडून चालू लागले. एका सकाळी कॅन उचलली आणि चढ चढून सोसायटीवर गेले. सचिव बघतच राहिला. आक्का ओट्यावर बसलेली. तिनं माझ्याकडं पाहिलं, मिश्री थुंकली आणि म्हणाली, "आलीस व्हय? म्या म्हनलं गेलीस." मला इतका आनंद झाला की मी तिला काही उलट बोलले नाही.

मी आक्कालाही पूड देऊ केली. तिची पाठ कायमची वाकलेली. तिनं चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. "नगं बाई. दुखणं हाय म्हनून घरात कुनीतरी हाय. ते बी गेलं तर माझ्यासंगं बोलंल कोन?" आम्ही दोघी हसलो. असल्या गोष्टींवर हसायला समोर बरोबरीचं माणूस लागतं.

मग माझं तोंड भरू लागलं. आधी गाल, मग हनुवटीखाली, मग मानेमागं. भूक अशी लागायची की भाकरी टोपल्यात टिकेना. आमच्याकडं भरलेलं तोंड म्हणजे सुख. सासुरवाशीण माहेरी आली की आई आधी तिच्या तोंडाकडं बघते, आणि तोंड सुकलेलं दिसलं की सासरच्यांची अब्रू गावभर होते. त्यामुळं माझं तोंड म्हणजे माझं दुखणं आहे, असा विचार ना मी केला, ना दुसऱ्या कुणी. सचिव चेष्टा करायचा, "बाई, सोसायटीतून पेंड नेताय ती गाईला घालताय का सोता खाताय? गाय तर वाळलीय." त्या चेष्टेत थोडी शंकाही होती. दुष्काळात जाड होणं म्हणजे चोरीच की. मी त्याला म्हटलं, "गाय तुझ्यासारखी काळजी करते, म्हणून वाळते."

एक गोष्ट मात्र चेष्टेवर नेता येत नव्हती. मला तहान फार लागायची. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही आला तर. घरात मी एकटी, पण माझं पाणी चौघांच्या घरासारखं संपायचं. घोटभर प्यायलं की पुन्हा घशाला कोरड, आणि प्यायलं की बाहेर जावं लागायचं. मोरीपाशी मुंग्या लागायच्या. हातावर गाईचं दावं घासलं तरी काळंनिळं उठायचं. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. मी सगळ्याचं खापर उन्हाळ्यावर फोडलं. उन्हाळा तसाही होताच, त्याच्या माथी आणखी थोडं गेलं.

पाडव्याच्या सुमाराला मुलगा-सून आले. सुनेनं मला बघून तोंडाला पदरच लावला. "आत्या, किती ग्वाड दिसायलात." शेजारणींनी तिचं कौतुक केलं; लांब राहूनही सासूला असं सांभाळणारी सून कुठं मिळते, म्हणाल्या. पोरीला आयुष्यात कुणी असं चारचौघांत नावाजलं नव्हतं. येताना तिनं आणखी डब्या आणल्या होत्या. ती स्वतःही घ्यायची, मला ठाऊक होतं.

आणि मग पाऊस आला नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. बियाणं पोत्यांत तसंच. मुलगा रोज सकाळी आभाळाकडं बघायचा आणि कुणावर तरी खेकसायचा. शेवटी तो आणि सून पोरांना घेऊन पुण्याकडं बांधकामावर निघून गेले. तोडीचा हंगाम नसताना गाव दुसऱ्यांदा उठलं; आक्काची पोरंही इकडं चारा नाही म्हणून मेंढरं घेऊन तिकडंच राहिली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. दिवाळीनंतरच्या एकटेपणाची मला सवय होती, त्याला परतायची एक वेळ असते. या एकटेपणाला तशी वेळ नव्हती.

आषाढी एकादशीला आमच्या मारुतीच्या देवळात बाया चातुर्मासाचा नेम धरतात. जे आपल्याला सगळ्यात आवडतं ते देवासाठी सोडायचं, आणि काय सोडलं ते कुणाला सांगायचं नाही. बोलून दाखवला की नेम फळत नाही. हा नियम. प्रत्यक्षात निम्म्या बाया वांगी सोडतात आणि गावभर सांगतात. त्यातल्या बऱ्याच जणींना वांगी मुळातच आवडत नाहीत. आक्का त्यांना 'वांगीवाल्या' म्हणायची.

त्या वर्षी मात्र सगळ्या गंभीर होत्या. उरलेल्या बायांनी ठरवलं, नेम पावसासाठी धरायचा आणि पाऊस पडेस्तोवर मोडायचा नाही. हातात तुळशीचं पान घेऊन आम्ही डोळे मिटले. आक्का माझ्या शेजारी. मी मनात शोधू लागले, मला काय आवडतं? चहा आवडतो, पण चहावाचून मी राहू शकते. मिश्री नाही, पान नाही, गोडाधोडाची आवड संसारात केव्हाच संपली. मग एकदम मनात आलं, ओटा. मला ओटा आवडतो, आणि ओट्यावर मला पूड नेते. देवाला फसवायचं नसेल तर तीच सोडायला हवी. मी डोळे उघडले तेव्हा सगळ्याजणी उठल्या होत्या. आक्काचे डोळे अजून मिटलेले होते. तिनं असं काय शोधलं असेल याची मला गंमत वाटली.

घरी येऊन मी डबी देव्हाऱ्यात देवांपुढं ठेवली आणि हात जोडले.

गुडघे परत दुखणार हे मला ठाऊक होतं, त्याची मी तयारी ठेवली होती. काठी काढली. पण पुढं आलं ते गुडघ्याचं नव्हतं. अन्न नकोसं झालं. पाणी प्यायलं तरी उलटायचं. उठले की डोळ्यांपुढं अंधारी, अंगात असा अशक्तपणा की वेणी घालताना हात वर धरवेना. मला वाटलं, देव कस बघतोय. इतकं जड वाटतंय म्हणजे आपण खरंच आवडीचं सोडलं आहे, याचंच मला समाधान वाटायचं. आता हे लिहिताना त्या समाधानाचा मला राग येतो.

तशाही अवस्थेत मी सकाळची काठी टेकत, बसत-उठत सोसायटीवर जायचे. ओट्यासाठी. आणि ओट्यावर नवीनच घडत होतं. आक्का माझ्याशी बोलेना. यायची, दूध घालायची, माझ्याकडं एकदा बघायची आणि मान खाली घालून वस्तीकडं चालू लागायची. पहिल्या दिवशी वाटलं, घाई असेल. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली. ती थांबली, पाठमोरीच, आणि पुढं गेली. माझं काय चुकलं ते मी आठवू लागले. मी पाणी जास्त वापरते म्हणून? मी जाड झाले आणि ती वाळली म्हणून? कुणी काही कान भरले? मग मलाही राग आला. मी काही कमी नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. ती बोलत नाही तर मीही बोलणार नव्हते. मी ओट्यावर एकटी बसायचे, गाडी जायची, ऊन चढायचं आणि मी उठायचे. इतकी एकटी मी मालक गेले तेव्हाही नव्हते. तेव्हा निदान माणूस मेलं होतं. इथं माणूस जिवंत होतं, रोज दिसत होतं, आणि मला नको म्हणत होतं. संध्याकाळी मी गाईच्या गळ्यात हात टाकून रडले, ते काही नेमाचं नव्हतं.

मग एका सकाळी धार काढायला बसले आणि गोठ्यातच आडवी झाले. शुद्ध होती, पण हात-पाय माझे नव्हते. बादली कलंडली, दूध गळ्याखालून वाहत गेलं. गाय हंबरत राहिली. लांबून दुधाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला आणि मला एवढंच वाटलं की आज आपलं दूध चुकलं. आमच्या सोसायटीत माणूस आलं नाही तर कुणाच्या लक्षात येईल न येईल, पण दूध आलं नाही की येतं.

आली ती आक्का. दारात येऊन उभी राहिली, मला पाहिलं, धावत आत आली. माझं डोकं मांडीवर घेतलं. पण तोंडातून शब्द नाही. बाहेर गेली, माझी रिकामी कॅन उचलली आणि दगडानं बडवू लागली. ओरडली नाही, नुसती बडवत राहिली. त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं, किती राग असावा माणसाला, मी मरायला टेकले तरी ही तोंड उघडत नाही.

माणसं जमली, सचिव आला. आक्का घरात जाऊन माझं लुगडं, तांब्या घेऊन आली. सचिवानं कुणाचं तरी पिकअप काढायला लावलं आणि मला बीडला नेलं. आक्का माझं डोकं मांडीवर धरून मागं बसली होती. सारा रस्ता ती माझ्याकडं बघत होती, आणि मी रागानं डोळे मिटून पडले होते.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. रक्तदाब फार खाली गेलाय, म्हणाली. सलाइन लावली आणि विचारायला सुरुवात केली. "आजी, कोणतं औषध घेता?" मी म्हटलं, "नाही." "गुडघ्याचं? दम्याचं? चूर्ण, काढा, पुडी, काहीही?" मी म्हटलं, "काही घेत नाही." खोटं नव्हतं ते. घेत नव्हतेच मी. घेत होते हे सांगायचं तर का सोडलं तेही सांगावं लागलं असतं, आणि मग नेम गेला असता. गावात पोती न पेरता पडली होती. मुलगा परक्या गावात विटा उचलत होता. माझ्या एका तोंडामुळं पाऊस अडायला नको, असं मला खरंच वाटत होतं. कुणी हसेल आता, पण मी तेव्हा हसण्याच्या स्थितीत नव्हते.

डॉक्टरणीनं माझं तोंड निरखून पाहिलं, हातावरचे काळेनिळे डाग पाहिले. मग आक्काकडं वळली. "यांचं तोंड पहिल्यापासून असं गोल आहे का?" आक्का गप्प. "मावशी, तुम्ही यांच्या कोण?" गप्प. "ऐकू येतं ना तुम्हाला? हे बघा, मला माहीत झाल्याशिवाय नेमकं इंजेक्शन देता येणार नाही. नुसत्या सलाइननं या उठणार नाहीत."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नको. पूड मी सोडलीय हे तिला कळलं असेल अशी शंका मला तिच्या डोळ्यांतून आली होती.

"पूड खाती ती," आक्का म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मी ऐकत होते, तो घोगरा झाला होता. "गुडघ्याची. हिवाळ्यापसून खाती. एकादशीला सोडली. डबी देवाम्होरं ठिवलीय, लुगडं घ्यायला गेलते तवा बघितली म्या."

डॉक्टरीण लगेच नर्सला काहीतरी सांगत बाहेर पळाली. आक्का खाटेच्या कडेला बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "झालं. मोडला माझा नेम."

मी म्हटलं, "मोडला माझा. तुझा कसला नेम?"

"तुज्यासंगं बोलायचं न्हाई. पाऊस पडंस्तोवर."

"कावून गं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं अंगणवाडीत मी एखाद्या मठ्ठ पोराकडं बघायचे. "मंग दुसरं हाय काय माज्याकडं आवडीचं?"

मी तिचा हात धरला. तिच्या हाताला म्हशीच्या दुधाचा वास येत होता.

इंजेक्शननं मी संध्याकाळपर्यंत उठून बसले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरणीनं मला समजावलं. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि ते डबीवर कधीच लिहीत नाहीत. म्हणून दुखणं जादूसारखं थांबतं, भूक वाढते, तोंड भरतं, साखर वाढते, तहान लागते, कातडी पातळ होते. माझी साखर वाढलेलीच निघाली. मी विचारलं, "पण झाडपाल्यानं असं कसं होईल?" ती म्हणाली, "आजी, धोतरासुद्धा झाडच आहे. आणि या डबीत झाडपालाच आहे कशावरून?" तसलंच काहीसं आपलं शरीर स्वतः थोडं थोडं बनवतं, बाहेरून मिळायला लागलं की बनवायचं बंद करतं, आणि बाहेरचं एकदम तोडलं की दोन्हीकडून खडखडाट. हे मला लगेच पटलं. आमच्या गावात टँकर सुरू झाला तेव्हा आडाकडं कुणी फिरकेना, गाळ काढेना. मग टँकर चुकला की आडातही काही नसायचं. ती म्हणाली, घेणं वाईट, पण मनानं एकदम सोडणं त्याहून वाईट. दवाखान्यात यायचं, डबी घेऊन यायचं, सगळं खरं सांगायचं.

मी सुनेला फोन केला. तिला आधी वाटलं मी तिला दोष देतेय, ती रडायला लागली. मी म्हटलं, "तू पाठवलीस म्हणून हिवाळा निघाला माझा. पण तू तुझी डबी घेऊन डॉक्टरकडं जा, उद्याच जा, आणि तोवर आपल्या मनानं सोडू नकोस." ती गेली. तिच्या मागोमाग तोडीच्या टोळीतल्या आणखी बाया गेल्या.

पाऊस परतीचा आला, गणपती उठून गेल्यावर. आम्हा दोघींचे नेम कधीच मोडले होते, त्यामुळं आमचा त्यावर काही हक्क नव्हता. वांगीवाल्यांनी सगळं श्रेय घेतलं. आक्का म्हणाली, "घिऊंद्या. देवाला बी वांगी आवडत नसतेल."

डॉक्टरणीनं पुडीच्या जागी दिलेल्या गोळ्या कमी कमी करत बंद झाल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत माझं तोंड होतं तसं सुरकुतलं, आणि लोक म्हणू लागले, "बाई, लई वाळलात, काय होतंय का?" गुडघे जिथल्या तिथं आले. डॉक्टरणीनं सांगितलेले व्यायाम केले, मलम लावलं, त्यानं घरातल्या घरात भागायचं. सोसायटीचा चढ काही चढता आला नाही. मग आक्काच वाट वाकडी करून सकाळी माझ्या दारात यायची, माझी कॅन घेऊन जायची आणि रिकामी कॅन परत करायला आली की उंबऱ्यावर बसायची. ऊन उंबऱ्यावर चढेपर्यंत. ओट्यापेक्षा उंबऱ्याला ऊन उशिरा लागतं, एवढा फायदा झाला.

असे काही हिवाळे गेले. मग आक्का गेली. पोरं मेंढरांमागं लांब होती, निरोप मिळून यायला त्यांना वेळ लागला, तोवर मी कुणाच्या तरी गाडीतून वस्तीवर जाऊन तिच्याजवळ बसून होते. पुढं सोसायटीत दूधच येईना, तीही बंद पडली. आता खाजगी डेअरीची गाडी दारावरून दूध नेते. ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, कॅन उचलतो आणि गाडी बंदसुद्धा न करता निघून जातो. मी गाय विकून टाकली.

आषाढीला अजून बाया देवळात जमतात. मला तिथंवर जाववत नाही, म्हणून येताना त्या माझ्या दारात थांबतात. नव्या सुना विचारतात, "बाई, औंदा तुमी कशाचा नेम धरला?" सोडावं असं आता माझ्याजवळ काही नाही, पण असं म्हटलं तर पोरींना वाईट वाटेल. मी म्हणते, वांग्यांचा.

वांगी मला कधीच आवडली नाहीत.